झडती

विज्ञान भाग एकचा पेपर होता.
नाना पेठेतली आमची शाळा,
फळ्यावर खडूने केंद्र क्रमांक,
आणि फाटकाच्या आत बाक टाकून
आम्ही तिघी, झडतीला.

सकाळी कस्टडीतून गठ्ठे आले.
केंद्रसंचालक दाभाडकर सरांनी
मोहोरबंद पाकिटांना हळदकुंकू वाहिलं,
पायरीवर नारळ फोडला.
ससाणेमामांनी खोबरं वाटलं.
मीही घेतलं. गोड निघालं.
त्या पाकिटांना कुणी बाही वर करायला सांगितली नाही,
हे मला सुचलं संध्याकाळी, भांडी घासताना.

मग पोरं.
कंपास उघड. बूट काढ. खिसा उलटा कर.
संशयास्पद वस्तू काढून ठेवाव्यात, असं परिपत्रक.
प्रयोगशाळेतला ट्रे मीच आणून ठेवला होता.
त्यात पडत गेलं
एका चेनमधला क्रूस, बाबासाहेबांचं लॉकेट,
कुणाच्या आजोळच्या म्हसोबाचं लिंबू,
वर्तमानपत्राच्या पुड्यांतून अंगारा.
एक पुडी सोडली तर आतल्या बाजूने
मुंगीएवढ्या अक्षरांत भिंगाचं सूत्र.
पोरगी रडायला लागली :
बाई, अंगारा खरा आहे हो, मांढरदेवीचा.
खराच होता.
सूत्रही बरोबर होतं, चिन्हांसकट.

माझ्या घरात देव्हारा नाही.
दर विज्ञान दिनाला मी सुरीला जास्वंद चोळून
लिंबातून रक्त काढते,
सातवीची पोरं किंचाळतात, मग हसतात,
मग मी फळ्यावर आम्ल लिहिते.
सव्वीस वर्षं.

रांगेत सुफियान बागवान.
काशेवाडीचा, बापाची क्वार्टर गेटला कलिंगडाची गाडी.
दंडाला काळा दोरा, चामड्यात शिवलेला तावीज,
आत दाबलं की लागतो घडीचा कागद.
उघड रे.
उघडला की जातो, बाई.
काय जातो?
असर.

भरारी पथकातले गृहस्थ पुढे आले. म्हणाले, कात्री आणा.
रांग थांबली.
फाटकाच्या गजांतून त्याची आई बघत होती,
हातात पाण्याची बाटली, झाकण फिरवत,
उघड, बंद. उघड, बंद.
कात्री आली, हस्तकलेची, बोथट.
ती घ्यायला गृहस्थांनी हात पुढे केला
तर मनगटावर लाल दोरा, सात वेढ्यांचा,
रंग उडालेला.
मी त्याच्याकडे बघितलं.
त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली
आणि कात्री तशीच धरून राहिले.

मी म्हटलं, हा तपासलाय मी.
काही नाही यात.
असं लेखी द्याल?
देते.
नोंदवहीत सही केली, वेळ घातली, दहा एकावन्न.
पुढचा.

दोन तास मी सात नंबरच्या ब्लॉकवर.
तिसऱ्या बाकावर तो.
एकदाच त्याचा हात दंडाकडे गेला,
चौथ्या प्रश्नापाशी, जिथे भिंगाचंच उदाहरण होतं.
दोरा सोडला नाही. नुसता हात ठेवला,
ताप बघतात तसा.
मग लिहीत सुटला.

त्या कागदावर कुठल्या लिपीतलं काय होतं
मला माहीत नाही.
मेहरुन्निसा मॅडमना विचारता आलं असतं. विचारलं नाही.
विचारलं असतं तर सही खोटी ठरली असती
किंवा खरी,
आणि दोन्हींना मी तयार नव्हते.

पेपर सुटला. पोरांनी ट्रेमधून
आपापलं उचललं, एकमेकांचंही,
लॉकेटं अदलाबदल होऊन भांडणं झाली, मिटली.
आईने बाटली दिली, त्याने एका दमात संपवली.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. बरं वाटलं.

ट्रेमध्ये उरलं लिंबू
आणि अंगाऱ्याची एक पुडी, सूत्र नसलेली.
ससाणेमामांनी विचारलं, हे कचऱ्यात कसं टाकू, बाई?
मी म्हटलं, आम्लाच्या तासाला लिंबू लागेल.
आणि पुडी?

पुडी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे,
भिंगांच्या खोक्याशेजारी.
वर चिठ्ठी चिकटवलीय तारखेची.
कुणी विचारायला आलं तर.